पोचा आलेला पर्कोलेटर

आबा, तुमचा कॉफीचा पर्कोलेटर अजून चालतो. हे आधी सांगतो, कारण तुम्ही असता तर आधी तेच विचारलं असतं. मी काय करतो, आई कशी आहे, हे त्यानंतर. तुम्ही गेलात तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो, आता बावीसचा आहे. धुळ्याचं कॉलेज दुसऱ्या वर्षातच सोडून जळगावला परत आलो आणि बापाच्या जागी तुमच्याच दुकानात बसून विहिरींच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरतो. आत्ता दुपार आहे, पलीकडच्या गॅरेजवाल्याने शटर अर्धं ओढून ताणून दिली आहे, माझ्यासमोर जामनेरहून आलेली मोटर उघडी पडली आहे आणि मी तिच्यात तार भरायची सोडून तुम्हाला लिहितोय. तीनदा वेढे मोजले, तीनदा चुकलो. भीती वाटतेय, आबा. आईला सांगता येत नाही, मित्र हसतील, आणि जिला सांगायला हवं तिला सांगितलं तर सगळं संपेल असं वाटतं.

एक मुलगी आहे. फैजपूरकडची, केळीवाल्यांच्या घरातली, इथे खोली घेऊन शिकते. गेल्या उन्हाळ्यात टेबल फॅन दुरुस्तीला टाकून गेली आणि पाचव्या दिवशी येऊन उभी राहिली. “परवा देतो म्हणाला होतात. तुमच्याकडे परवा कितव्या दिवशी येतो?” मी भडकलो. “एवढी घाई असेल तर नवीन घ्या.” तर म्हणते, “घेईन ना. पण आधी हा चालू करून द्या, मग दोन्ही लावून बसेन.” मला राग आणि हसू एकदमच आलं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. तेव्हापासून ज्या दिवशी ती दिसत नाही त्या दिवशी माझं कुठल्याच कामात डोकं लागत नाही. दोन महिन्यांपूर्वी तिने घरी आमच्या लग्नाचं सांगितलं. तिचे वडील म्हणाले, आधी घर बघून येतो. तिने मला दोन गोष्टी बजावल्या. एक, बाबा चहा पीत नाहीत. केळीच्या रोपांसाठी तमिळनाडूत जाऊन जाऊन ते पक्के कॉफीवाले झालेत, चहा ठेवला तर कपाला हात लावणार नाहीत. दुसरी गोष्ट सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या आत्याला नवरा मारायचा. आत्या माहेरी परत आली ती कायमची, आणि तिला त्या घरात तिच्या भावाने, म्हणजे बाबांनी स्वतः दिलं होतं. “बाबा भिंती बघायला येत नाहीयेत,” ती म्हणाली. “रागीट माणसाच्या घरात ते आता मांजरसुद्धा देणार नाहीत. तुझा आवाज सांभाळ.”

म्हणून पर्कोलेटर माळ्यावरून काढला. तो घरी येतो तेव्हा मी सात वर्षांचा आहे. बदली झालेल्या कुणा साहेबांनी दुरुस्तीला टाकला होता, तो नेलाच नाही. निरोप आला, ठेवून घ्या. तुम्ही त्याची जळालेली कॉइल बदलता, पिन बदलता, आणि पहिल्याच रविवारी आत सरळ दूध ओतता, कारण आपल्याकडे कॉफी म्हणजे दूधच. दूध मधल्या नळीत करपतं, वर येतच नाही, ओट्यावर जळका वास. आई दारातून तिच्या साक्रीकडच्या बोलीत म्हणते, “आते मोटरबी दूधवरच चालाडा.” तुम्ही हसता. त्या दिवशी तुम्ही हसलात, हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय. मग तुम्ही चार-सहा रविवार त्या यंत्राच्या मागे लागलात आणि मला ओट्याजवळ स्टुलावर उभं करून शिकवलंत. पाणी गारच घ्यायचं. गरम घातलं की कॉफी नीट भिजायच्या आधीच ते उड्या मारायला लागतं. पाणी कॉफी ठेवायच्या जाळीच्या वाटीच्या खाली राहिलं पाहिजे. कॉफी लापशीच्या रव्याइतकी जाड दळायची, बारीक झाली की भोकांतून गाळ खाली उतरतो. मग झाकण लावून हात मागे बांधून उभं राहायचं. पाणी नळीतून उसळतं, कॉफीवर पडतं, झिरपतं, परत वर येतं. “झाकण उघडायचं नाही, त्याच्यावरच्या काचेच्या टोपीत रंग पाह्य,” तुम्ही म्हणायचात. “आधी पान्यासारखा, मंग शेंगांच्या टरफलासारखा. गुळासारखा झाला का बंद. अन् वाटी लगेच काढून घ्यायची, तुले सांगून ठेवतो, नाही तर वाफेनं सारा कडूपना खाली येतो.” दूध वेगळं तापवायचं आणि वरून घालायचं. आई कोरी कॉफी जिभेला लावून म्हणायची, “हाऊ काढा कोन पी?” पण दूध घातलेली ती दोन कप प्यायची.

आणि चार वर्षांनंतरचा तो रविवार. मी अकरा वर्षांचा. तुमचे धुळ्याचे मित्र आलेले, वीज कंपनीतले. तुम्ही त्यांना महिनाभर सांगत होतात की अशी कॉफी तुम्ही जन्मात प्यायला नसाल. आईने बिया मिक्सरच्या मसाल्याच्या भांड्यात दळल्या. आपल्या घरात तेव्हा एकच लहान भांडं होतं, आणि आदल्या दिवशी त्यात काळा मसाला झाला होता. त्यांनी घोट घेतला, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “भाऊ, शेव टाका यात थोडी. भाजी फस्क्लास झालीय.” तुम्हीही हसलात. त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलात. मी त्यांच्या स्कूटरचा आवाज लांब जाताना ऐकत होतो आणि आता काय होणार ते मला माहीत होतं. हे कसं माहीत असतं, आबा? आई म्हणाली, “मी भांडं धोयेल व्हतं.” एवढंच म्हणाली. तुम्ही पर्कोलेटर दांड्याला धरून उचलला आणि फेकला. तो दाराच्या चौकटीवर आपटला आणि झाकण निघून आतली उरलेली कढत कॉफी आईच्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत. ती ओरडली नाही. तिने दुसरा हात तोंडासमोर धरला, पुढचं काही येईल म्हणून. दुसऱ्या दिवशी तुम्ही मिक्सरचं नवं भांडं आणून ओट्यावर ठेवलंत आणि म्हणालात, “हे फक्त कॉफीचं.” मग दुकानातून लाकडी हातोडी आणून पर्कोलेटरला आलेला पोचा आतून ठोकत बसलात. पुरता निघाला नाही. तळहाताएवढा खड्डा राहिलाच. माफी तुम्ही मागितली नाही. ते भांडं हीच माफी असं आई नंतर मला समजावत होती, हाताला खोबरेल लावत.

ते येण्याआधी आठवडाभर मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी कॉफी करून बघत होतो. पोच्यामुळे नळी आत तिरपी बसते, पाणी एकाच बाजूला पडतं, अर्धी कॉफी कोरडीच राहते. पहिले दोन दिवस नुसतं तपकिरी पाणी. मग लक्षात आलं की वाटी थोडी फिरवून, पोच्याला टेकणार नाही अशी बसवली की नळी सरळ उभी राहते. बोअरचं पाणी सोडून जारचं घेतलं, त्याने चव सुधारली. चौथ्या दिवशी रंग जमत आला होता, मी घड्याळाकडे बघत होतो, आणि आईने मागून येऊन सहज झाकण उचललं. “उघडू नको म्हटलं ना!” मी ओरडलो. आबा, मी फक्त ओरडलो, हात हलवलासुद्धा नाही. पण आई दोन पावलं मागे गेली आणि तिचा हात तोंडासमोर आला. नऊ वर्षं झाली तुम्हाला जाऊन. तिने तो हात लगेच खाली घेतला, केसांवरून फिरवल्यासारखं केलं आणि विचारलं, “साखर किती टाकू?” मी त्या दिवशी कॉफी मोरीत ओतून दिली.

रविवारी चारला ते आले. तिचे वडील आणि ती आत्या, दोघंच. ती आली नव्हती, तशी रीत नाही. कॉफी बरोबर झाली, आबा. गुळासारखा रंग, गाळ नाही, दूध वेगळं. वडिलांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. “अशी कॉफी मले जळगावात कोनी पाजली नाही,” म्हणाले. आईच्या चेहऱ्यावर मी किती वर्षांनी तसं समाधान बघितलं. आत्या कप हातात घेऊन ओट्यावरच्या पर्कोलेटरकडे बघत होती. बारीक बाई, फार बोलत नाही. म्हणाली, “हा पोचा कसाचा आहे वं बाई?”

“पडनं व्हतं मना हातमाईन,” आई म्हणाली. पाहुण्यांशी ती कधी घरच्या बोलीत बोलत नाही. पदर तिने मनगटावर ओढला, आणि ओढला म्हणूनच आत्याचं तिकडे लक्ष गेलं.

“पडते,” आत्या म्हणाली. “मायं बी असंच पडायचं.”

मला कळलं की आता गप्प बसलो तर ते कॉफी संपवतील, गोड बोलतील आणि फाटकाबाहेर पडताच नाही म्हणतील. आणि खरं सांगितलं तर कदाचित फाटकापर्यंतही थांबणार नाहीत. म्हणालो, “पडलं नव्हतं. आमच्या आबांनी फेकलं होतं. आईचा हात भाजला.” आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू तुम्ही माझ्या हातून पुन्हा एकदा गेलात. वडिलांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी परत उचलला, थंड झालेली कॉफी एका घोटात संपवली आणि म्हणाले, “बापाचं झाकलं नाही.” मी मान खाली घातली. “अन् कॉलेज काऊन सोडलं?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “हजेरी कमी पडली.” ते म्हणाले, “बरं. कळवतो.” ते गेल्यावर आई कप विसळत होती. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, “तू सांगं ते बरंच करं. पन मले इचारीसन सांगतास.” तिचं बरोबर होतं. ती तिची गोष्ट होती आणि मी ती माझ्या कामाला लावली.

काल सकाळी तिचा मेसेज आला. लांब होता. आत्या घरी जाऊन म्हणाली की पोरगा खरं बोलतो, आणि बाबा जवळजवळ तयार आहेत. पण आत्याने तिला एक प्रश्न विचारायला सांगितलाय, तो माझ्याच तोंडून हवाय. “तू कधी कुणावर काही फेकलंयस का? तू जे सांगशील ते मी खरं धरेन. मी त्यांना तसंच सांगेन.” हे वाचल्यापासून मला जेवण गेलेलं नाही. कारण ती धरेल, आबा. मी जे म्हणेन ते ती धरेल.

हजेरी माझी पूर्ण होती. वर्कशॉपच्या तासाला सरांनी मी चार दिवस कानशीने घासत होतो तो लोखंडी तुकडा उचलून सगळ्यांसमोर भंगारात टाकला आणि म्हणाले, घरी कुणी काही शिकवलं का नाही. घरी तुम्ही शिकवलं होतं. माझ्या हातात कानस होती. मला फेकल्याचं आठवत नाही. माझा रिकामा हात आठवतो आणि भिंतीवरून लोखंड खाली पडल्याचा आवाज. माझ्याच टेबलावरचा मुलगा मध्ये उभा होता. त्याच्या कानाला चाटून गेली. बोटभर इकडे असती तर डोळा होता. त्याने दोन्ही हात तोंडासमोर धरले होते आणि तो ते खालीच घेईना. मी त्याच्याजवळही गेलो नाही. आईला बोलावतील म्हणून संध्याकाळच्या गाडीने पेटी घेऊन निघून आलो, आणि घरी हजेरीचं सांगितलं. तिच्या वडिलांसमोर तुमचं खरं सांगताना मला वाटत होतं मी धीट आहे. तुमचं सांगायला काय लागतं. तुम्ही उठून येत नाही.

हे तुम्हाला पाठवायचं कुठे? गॅरेजवाला उठला, शटर वर जातंय, जामनेरवाला मोटर न्यायला येईल आणि मी त्याला परवा सांगेन. हे सगळं मी तिला लिहायला हवं होतं ते तुम्हाला लिहिलं. तिच्यासाठी फोनमध्ये कालपासून एकच शब्द टाइप करून ठेवलाय, ‘नाही’. पाठवला नाही, आबा. पण अजून खोडलेलाही नाही.