पांढऱ्या टर्बो गाडीची आणि इतर किरकोळ मालमत्तेची व्यवस्था

मी शिबुए तामोत्सु, वय बहात्तर, राहणार सागाए, यामागाता प्रांत, फळे डबाबंद करणाऱ्या कारखान्यातला निवृत्त फिटर, हे पत्र स्वतःच्या हाताने, शाईच्या पेनाने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कुणाचा दबाव नाही. माझ्या घरात दबाव टाकावा इतके कुणी मला विचारातच घेत नाही. डोळे मात्र चालले आहेत. उजव्या डोळ्यात मधोमध डाग आहे आणि डाव्यातही तो सुरू झाला आहे, म्हणून अक्षर मोठे. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली आहे आणि महिनाअखेर मी परवाना पोलिसांकडे परत देणार आहे. त्यानंतर माझ्या पांढऱ्या गाडीचे काय होणार, हा या पत्राचा खरा विषय. बाकीचे अर्ध्या पानात उरकते.

कलम एक. घर, मागची बारा चेरीची झाडे आणि पोस्टातली शिल्लक माझी पत्नी किनुए हिला. मुलगा नोरिहितो चिबाला असतो. कायद्याने त्याचे जे आहे ते त्याला मिळेल. माझे मनगटी घड्याळही त्याने घ्यावे. गाडीला त्याने हात लावू नये. गेल्या ओबोनला, पितरांच्या सणाला, तो घरी आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "बाबा, ही सुटी करून विकली ना, तर अख्खी विकण्यापेक्षा जास्त येतील. दारं वेगळी, सीटं वेगळी. परदेशात लोक वेडे झालेत हिच्यासाठी." माझ्या पोराने माझ्यासमोर खाटकासारखा हिशोब मांडला. मी जेवायला बसलो नाही.

म्हणून पहिली आणि शेवटची अट हीच: गाडी अख्खी राहावी आणि चालती राहावी.

कलम दोन. कोठीतली पाच खोकी. यांत गाडीचे मूळ भाग आहेत: सायलेन्सर, हवेच्या फिल्टरचा डबा, स्प्रिंगा, वगैरे. दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी येते, तेव्हा मी बसवलेले चांगले भाग काढून हे मूळ भाग चढवायचे, शिक्का मिळाला की पुन्हा उतरवायचे. सत्तावीस वर्षे मी हे करतो आहे. तपासणारा साहेबही ते जाणतो. मागे एकदा सायलेन्सरचे चकचकीत नट बघून तो म्हणाला, "काल बसवलात वाटतं?" मी म्हटले, "परवा." खोक्यांवर मी मोठ्या अक्षरात "कचरा नाही" असे लिहिले आहे, कारण नोरिहितोने एकदा फिल्टरचा डबा कचरा म्हणून देऊन टाकला होता. दुसरा मिळवायला मला आठ महिने लागले. कंपनीला फोन करावा तर एकच उत्तर: हा भाग आता बनत नाही. बाई इतक्या अदबीने सांगते की चिडायचीही सोय राहत नाही. गाडी तेरा वर्षांची झाली की सरकार कर वाढवते तो वेगळाच. जपणाऱ्याने काय गुन्हा केला आहे, हे मला कुणी समजावून सांगितलेले नाही.

कलम तीन. हत्यारे. ज्याला हवी त्याने न्यावीत. फक्त नट किती घट्ट आवळला ते दाखवणारा माझा टॉर्क पाना स्टेशनामागे गॅरेज असलेल्या ओनुमा शिगेओ याला द्यावा. याचे कारण लिहायला मला जड जाते, पण शुद्धीत आहे असे वर म्हटले आहे, तर लिहितो.

टर्बो म्हणजे इंजिनच्या जळक्या धुराने फिरणारे एक चक्र. ते इंजिनात जास्तीची हवा कोंबते, त्याने ताकद येते. किती कोंबायची ते ठरवावे लागते. अकरा वर्षांपूर्वी मी ती हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर बसवला, ओनुमाने हवेचा दाब नेमून दिला आणि बजावले, "तामोत्सु, इंजिन जुनं आहे. याच्या वर एक रेघ जाऊ नकोस." मी तीन रेघा वर गेलो. गास्सान डोंगराच्या चढावर तिसरा पिस्टन वितळला. गावभर मी सांगितले की ओनुमाने दाब चुकीचा लावला. त्याची चार गिऱ्हाइके तुटली. त्याने एकदाही खुलासा केला नाही, याचाच मला जास्त राग येत राहिला. खरी गोष्ट अशी की दाब मी वाढवला होता. माझ्या हाताने, कामाचे पांढरे हातमोजे घालून.

कलम चार. गाडी. १९९१ सालची, दोन दारांची, दोन लिटर टर्बो. हिने माझ्या नाकी नऊ आणले आहेत. टर्बोखालची पाण्याची एक वीतभर नळी चिरली म्हणून एका शनिवारी सकाळी हात घातला. नळीसाठी टर्बो काढायचा, टर्बोसाठी त्याचे नट काढायचे, आणि नट तर बर्फावर टाकायच्या मिठाने गंजून एकजीव झालेले. तिसरा स्टड, म्हणजे नट बसतो तो आट्यांचा खिळा, आतच तुटला. तो कोरून काढताना आटे गेले. दुपारच्या चहापर्यंत होणारे काम सहा आठवडे चालले, आणि सगळे जोडून झाल्यावर कळले की नवी नळी उलटी बसली आहे.

यंदा सप्टेंबरात तर कहर झाला. शेजारच्या तोगाशी-सान भिंतीवरून म्हणाल्या, "शिबुए-सान, तुमची गाडी हल्ली सारखी बंद पडते हो. गुर्र करते, धक्का खाते नि गप्प!" या बाईंनी आवाजाबद्दल तीनदा तक्रार केलेली, म्हणून आधी मी ते कानाआड केले. मग झोप लागेना. प्लग बदलले. रबराच्या सगळ्या नळ्या साबणाच्या पाण्याने तपासल्या. वायरी एकेक करून चाचपल्या. मी चालवली की गाडी लोण्यासारखी चाले. मंगळवारी डोळ्यांच्या इस्पितळातून परत आलो की तोगाशी-सान सांगत, "आज पण! दोनदा!" वर, ड्रायव्हरची सीट दोन खाचा पुढे सरकलेली असायची. तो दोष मी झिजलेल्या खाचांना दिला. तीन आठवडे भुतामागे धावून हात टेकले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा ओनुमाच्या दारात गाडी नेली.

त्याने ऐकून घेतले, बॉनेट उघडलेही नाही. खाली वाकून वास घेतला आणि म्हणाला, "गाडीला काही झालेलं नाही. ड्रायव्हर बघ."

आंधळा होत चाललेल्या माणसाला असे बोलणे! मी सरळ घरी आलो.

तरीही गाडी मी त्यालाच देत आहे. दुसरे कुणी नाही. मुलगा सुटी करून विकेल. किनुएचा परवाना फक्त ऑटोमॅटिक गाडीचा आहे. क्लचची गाडी तिने रस्त्यावर नेली तर गुन्हा होतो. ओनुमाची जीभ कशीही असो, हात स्वच्छ आहे. सबब गाडी ओनुमा शिगेओ यास.

वरच्या परिच्छेदावर मी काट मारली आहे. नवा कागद घ्या असे किनुए म्हणते. मी घेणार नाही; चूक दिसली पाहिजे. काय घडले ते लिहितो.

मी लिहीत असताना किनुए चहा आणि वांग्याचे लोणचे घेऊन आली आणि खांद्यावरून वाचू लागली. अक्षर मोठे असल्याचा हा तोटा.

"ओनुमाला?" ती म्हणाली. "अहो, आणि मी कोण?"

"तुला क्लचची परवानगी नाही, किनुए. कायदा आहे."

"ब्रेकची हवा काढताना सत्तावीस वर्षं त्या सीटवर बसून पेडल कुणी दाबलं? ओनुमानं? तुम्ही खाली लोळून ओरडायचात, दाब, धर, सोड. पायाला गोळे यायचे माझ्या. एकदा 'धर' म्हणालात नि पाना शोधायला निघून गेलात. मी बसलेय आपली पाय रोवून! तेव्हा नव्हता का कायदा?"

"ते अंगणात होतं."

"मंगळवारी मी कुठे जाते?"

"शिवणाच्या वर्गाला."

"एक तरी शिवलेलं पाहिलंत?"

मी पाहिले नव्हते. विचारलेही नव्हते. तिने पर्समधून परवाना काढून लोणच्याच्या बशीशेजारी ठेवला. मला बारीक अक्षर दिसत नाही म्हणून मागची बाजू तिनेच वाचून दाखवली: ऑटोमॅटिकची अट काढली आहे, खाली शिक्का आणि गेल्या आठवड्याची तारीख. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्या परीक्षेत नापास, दुसऱ्या परीक्षेत पास. वय अडुसष्ट.

"तो शिकवणारा म्हणतो, आजी, या वयात हा खटाटोप कशाला? म्हटलं, घरात सवत आहे, म्हातारी झालीय. तिचं करणारं आता कुणी उरणार नाही."

तुम्ही इस्पितळाच्या बसमध्ये बसलात की वर्गाला निघायच्या आधी अर्धा तास अंगणात सराव करायचे, असे ती म्हणाली. सीट पुढे घेऊन, पाठीशी उशी लावून. भूत ते हेच. ओनुमाला वास आला तो घासलेल्या क्लचचा.

मी रागावलो. तीन आठवडे, नवे प्लग, सगळ्या नळ्या! "सांगायचंस तरी!"

"सांगितलं असतं तर शेजारी बसून शिकवलं असतंत," ती म्हणाली. "मग मी कधीच शिकले नसते."

चहा निवला. मला रडू आले, ते इथे लिहून ठेवतो, कारण तोंडी मी ते नाकारणार आहे.

कलम चार, दुरुस्त. गाडी, पाच खोकी आणि दोन्ही किल्ल्या किनुएला. माझ्या मरणाची वाट न पाहता, आजपासून. नोव्हेंबरातल्या तपासणीला तीच गाडी नेईल. मी डाव्या सीटवर बसेन आणि तोंड उघडणार नाही, असे तिने माझ्याकडून वदवून घेतले आहे. तिच्यानंतर गाडी कुणाला, ते तिने ठरवावे, फक्त अख्खी.

ओनुमाला फोन तिनेच केला. हस्तलिखित मृत्युपत्राला कायद्याने साक्षीदार लागत नाहीत, पण मी माझ्या मुलाला ओळखतो. ओनुमा आला आणि उभ्या उभ्या कलम तीन वाचले. दोनदा वाचले असावे. तेवढा वेळ लागला.

"दोन ओळी लिहायला अकरा वर्षं लागली होय रे तुला?"

"सहा ओळी आहेत."

"पाना दे इकडे." पाना त्याला तिथेच दिला, तेव्हा कलम तीनमध्ये त्याला मिळायचे काही उरलेले नाही. जाताना त्याने किनुएला विचारले, "वहिनी, क्लच कधी आणताय बदलायला?" मला विचारले नाही. ते बरोबरच आहे.

कलम पाच, किनुएसाठी. टर्बोची गाडी पळवून आणली की लगेच बंद करायची नाही. चक्र लाल झालेले असते. तेल फिरत राहिले नाही तर आतल्या आत जळते. उभी केल्यावर एक मिनिट इंजिन चालू ठेवायचे. तुला हे माहीत आहे. या एका मिनिटापायी तू सत्तावीस वर्षे माझ्याशी भांडलीस, आईस्क्रीम वितळते म्हणून. तर ज्या दिवशी माझ्या अस्थी घेऊन घरी येशील, त्या दिवशी याच गाडीने ये. नोरिहितोच्या भाड्याच्या गाडीतून नाही. डबा डाव्या सीटवर ठेव, पट्टा लाव. अंगणात आल्यावर किल्लीला हात घालू नकोस. एक मिनिट थांब. मला काय ऐकवायचे ते त्या मिनिटात ऐकव. मी मध्ये बोलणार नाही. मग बंद कर.

कलम चारमधील शेवटच्या परिच्छेदातील सात वाक्ये खोडली व त्याखाली नवा मजकूर लिहिला, हे मी मान्य करतो. खोडलेल्या जागी शिक्का उमटवला आहे.

सही व शिक्का: शिबुए तामोत्सु

साक्षीदार: ओनुमा शिगेओ, गॅरेजमालक. वाचले. दाबाबद्दल लिहिले ते खरे आहे.

साक्षीदार: तोगाशी मिसाओ, शेजारी. आवाजाबद्दलची तक्रार कायम ठेवून.

स्थळ: सागाए, राहत्या घरी, स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: ११ ऑक्टोबर, रेइवा ६ (इ.स. २०२४).