सुकू देऊ नका

२ मार्च २०२०, रायस्वाइक, नेदरलँड्स
लागली बाई नोकरी एकदाची! तीन वर्षं अश्वजितची ‘डिपेंडंट’ बायको म्हणून काढली, आज स्वतःचा बॅज लावून, स्वतःच्या सायकलने प्रयोगशाळेत गेले. काम आहे चिनी थडग्यांतल्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या लॅकरच्या भांड्यांचं. थडग्यातल्या पाण्यात टिकली, म्हणून इथेही पाण्यातच ठेवायची. सुकली की आतलं लाकूड आकसतं. लॅकर म्हणजे झाडाचा चीक, आपल्या बिब्ब्याच्या जातीतला. तसाच अंगावर उततो. गंमत म्हणजे तो दमट हवेतच घट्ट होतो! माझ्या वाट्याला दोन कानांचा काळा प्याला आलाय. साहेब रविकांत सर, नागपूरचे, मराठीत बोलतात. मज्जा!

१८ मार्च
सगळं बंद. सर घरी, मी इथे एकटी, कारण प्याल्याचं पाणी कोण बदलणार? सर फोनवर सांगतात, हातमोजे संपले, होते ते सगळे हॉस्पिटलला दिले. बरं केलं, पण माझं काय? तर म्हणे, हात धूत जा. सोफ्यावर बसून हुकूम सोडायला यांचं काय जातंय!

२४ मार्च
प्याल्याचा काळा रंग बोटाला लागला. इतका जुना चीक ओला कसा? खसाखसा धुतलं, निघेना. सरांना सांगितलं, तर विचारतात, प्याल्याला ओरखडा नाही ना पडला? माझं बोट गेलं खड्ड्यात!

३० मार्च
बिब्बा उतावा तसा हात उतलाय. नुसती आग. आईने फोनवर खोबरेल लावायला सांगितलं. हाउसआर्ट्सच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यातून सांगितलं, येऊ नका, हात धूत राहा. धुतेय. जितकं धुवावं तितकं काळं वर चढतं, चकचकीत. आणि मी मूर्ख— ओलाव्यातच घट्ट होतो, हे मीच लिहिलंय की! धूत कसली होते, थर चढवत होते!

२ एप्रिल
कोपरापर्यंत. डाव्या हाताने लिहितेय. बोटं वळत नाहीत. टेबलावर आपटलं की लाकूड वाजतं. अश्वजित म्हणतो, नोकरी गेली चुलीत. का म्हणून? मिळवलीय मी—

३ एप्रिल
हरले. हाताचा फोटो सरांना पाठवला. लिहिलं, अश्वजित प्रयोगशाळेत न्यायला येतोय, हॉस्पिटलला चालले, तुमचा प्याला तुम्ही सांभाळा.
लगेच उत्तर. पहिल्यांदाच लगेच! अप्रतिम थर आहे म्हणे. एकही भेग नाही. सुकू देऊ नका, निघालोच.
मेल्या, हात आहे तो! माझा—
दार उघडलं. अश्वजित नाही. सर. ओलं फडकं घेऊन— आणि हातांत हातमोजे— होते याच्याकडे, घरी, इतके दिवस—