बाभळीवर चढलेला सुपरहिरो

अहो,

तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच लिहायला बसलेय, कारण काल उपसरपंच येऊन गेला. वर्षश्राद्धाला चौकात तुमचा फ्लेक्स लावायचाय त्याला. मोबाईलवर नमुना दाखवला. तुमच्या पाठीवर बैलाला घालतात तशी लाल झूल, शेजारी हात जोडलेला बिबट्या आणि वर मोठ्या अक्षरांत 'गावाचा निर्भय सुपरहिरो'. "काकू, तुमी पन दोन शब्द बोला," म्हणाला. काय बोलणार आहे, ते आधी तुमच्या कानावर घालते.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. उसाच्या कडेला आपण गवत कापत होतो. बिबट्या दिसला आणि मी वळून पाहते, तर तुम्ही बाभळीवर. निदान मला हाक तरी मारायची होती ना? मी घमेल्यावर विळा बडवत ओरडले, तेव्हा तो उसात शिरला. नंतर तुमच्या अंगातले काटे कुणी काढले? मीच.

तेव्हापासून गावात कुठं बिबट्या म्हटलं, की हेल्मेट चढवून पहिले तुम्ही हजर. बिबट्या नसला तरी हजर. शेजाऱ्याचं वासरू विहिरीत पडलं, तर पोहता येत नसताना उडी टाकलीत. वासरू पायऱ्यांनी वर आलं. तुम्हाला दोर लावून काढावं लागलं. लोक म्हणायचे, वाघाचं काळीज आहे. तुम्हाला कोण पळवतंय, ते मला एकटीला ठाऊक होतं. ती बाभळ.

आणि मी काय केलं? भाजीत मीठ कमी म्हणालात, की विचारायचे, "झाडावरून कळलं का?" तुम्ही खाली मान घालून जेवायचात.

एक गोष्ट मात्र अजून सलते. ऊसतोडणीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्यांपाशी बिबट्या आला, तेव्हा वनखात्याची गाडी येईपर्यंत तुम्ही एकटे पत्र्याचा डबा वाजवत बायापोरांच्या पुढं उभे राहिलात. घरी आलात ते हेल्मेट न काढताच ताटावर बसलात. "ह्या टायमाला न्हाई पळालो," म्हणालात. मी म्हणाले, "तीस वर्षं उशीर झाला."

तुम्ही ताटावरून उठलात. तुमचा हात धरायला माझं काय जात होतं?

खरं सांगू? काटे काढता काढताच मी तुम्हाला माफ केलं होतं. बोलले नाही. बोलले असते तर एवढा चांगला टोमणा हातचा गेला असता. माझ्या त्या टोमण्यापायी तुम्ही किती वेळा जीव धोक्यात घातलात, ते आता मोजवत नाही.

काल हे सगळं उपसरपंचाला सांगितलं. डोकं खाजवत तो म्हणाला, "काकू, येवढं फ्लेक्सवर मावायचं न्हाई." म्हटलं, मग 'निर्भय' तेवढं काढ. हा माणूस लई भ्यायचा, तरी जायचा. त्यानं लगेच काढलं. बिबट्याचे हात मात्र सोडायला तयार नाही.

तुम्हाला शब्द देते. चौकात मी बाभळीचं सांगेन. लोक हसतील, हसू देत. मग कोप्यांपाशी उभ्या राहिलेल्या माझ्या नवऱ्याचा मला त्या दिवशी किती अभिमान वाटला, तेही सांगेन. माईक बंद पडला तर ओरडून सांगेन.

तुमचीच,
सुमन