डोंगरापलीकडचा तेरडा

चंद्रीबाय,
तुझ्या धाकट्या हिरामणचा नमस्कार.

तू पळून जाऊन लग्न केलंस, तेव्हापासून बाबांनी घरात तुझं नाव घेऊ दिलं नाही. आयेनं मात्र चोरून निरोप धाडला होता, "गौर बोळवताना तेरड्याची जुडी सोडीन. तुझ्या दारच्या ओहळाला लागली, की माहेरी ये."

ती दरसाल सोडायची, मी पाहिलंय. पण आयेच्या दहाव्याला तू म्हणालीस, "जुडी एकदा पण आली नाय रं."

परवा ओहळाच्या काठाकाठाने चालत गेलो. आपलं पाणी डोंगराला वळसा घालून बदलापूरलाच नदीला मिळतं. अंबरनाथकडे, तुझ्या दारावरून जातो तो ओहळ डोंगराच्या पलीकडच्या उतारावरून निघतो. दोन्ही एकाच डोंगरातून येतात, म्हणून आयेला ते एकच वाटले.

काल गौरीची जुडी घेऊन डोंगर चढलो आणि तुझ्या पाण्यात सोडली.

हे पत्र टाकणार नाही. इतकी वर्षं उगाच लांब राहिलीस, हे तुला कोणत्या तोंडानं सांगू? एकच विचारायचं राहिलं. गौरीच्या दिवशी तू अजून काठावर येतेस का?

तुझा भाऊ,
हिरामण
बदलापूर गाव, भाद्रपद १९५४