ताट रिकामं, पान हिरवं

३ नोव्हेंबर
बाबांनी आज मोबाईलचे दोन तुकडे केले. लाकडं फोडायच्या ठोकळ्यावर ठेवून, कुऱ्हाडीने. पहिला घाव चुकला आणि माझ्या बुटाशेजारी रुतला. दुसरा बसला. ज्या माणसाला कोटाची बटणं लावता येत नाहीत त्याने कुऱ्हाड उचलली, हे डॉक्टरांना कळवायला हवं. प्रगती आहे.
निमित्त एवढंच, की जेवणाची नोंद ठेवणाऱ्या ॲपमधल्या बाईने गोड आवाजात विचारलं, आजोबा, आज ताटात किती रंग आहेत? बाबा म्हणाले, तिला इकडे बोलाव, तिच्या थोबाडावर दाखवतो किती रंग उठतात ते.
चूक माझी. आवाज फार मोठा ठेवला होता.

४ नोव्हेंबर
नवा मोबाईल. ॲप माझ्या बहिणीने, सविनाने, तोरिनोहून पाठवलंय. ती तिथे एका इटालियन म्हातारीला सांभाळते. जेवणाआधी ताटाचा फोटो, नंतर रिकाम्या ताटाचा. की स्क्रीनवरच्या झाडाला एक पान फुटतं. तिची म्हातारी म्हणे त्यावर टुणटुणीत झाली.
डॉक्टर स्पष्ट बोलले. नाताळपर्यंत बाबांच्या अंगावर मांस धरलं नाही तर दवाखान्यात ठेवून नळीने भरवायचं. या वयात नळी लागलेला माणूस घरी परत येईलच असं नाही. म्हणून मी क्लूज शहरातल्या कॉलेजातून बिनपगारी रजा घेऊन गावी आलोय.
स्वतःला विचारलं: हे बाबांसाठी, की सविनाला दाखवायला? उत्तर आलं: बाबांसाठी. पुन्हा विचारलं नाही.

१६ नोव्हेंबर
उकडलेलं अंडं भिंतीवर. वाडगा माझ्या भुवईवर. नाताळचा उपवास कालपासून लागला, हे ॲपला ठाऊक नाही. मला असायला हवं होतं. बाबा म्हणाले, तुझ्या आईच्या फोटोसमोर अंडं ठेवतोस, नास्तिका? अंडं उर्सूने, आमच्या कुत्र्याने, टरफलासकट खाल्लं.
रक्त थांबल्यावर नवा तक्ता केला. मसूर, ओट्स, अक्रोड, ब्रोकोली. उपवास सांभाळून पौष्टिक. मला वाटतं आता मार्ग सापडला.

२१ नोव्हेंबर
बाबांनी मसुराला तोंड लावलं नाही. मी त्यांचा जबडा धरला. लिहायला हात धजत नाही, पण धरला, आणि चमचा आत घातला. ते माझं बोट चावले. टाके पडले.
अंथरुणात विचार केला. मी क्रूर आहे का? तसं वाटत नाही. क्रूर माणसाला असा प्रश्न पडत नाही. शिवाय जबड्यात अजून ताकद आहे. उत्तम लक्षण.

२७ नोव्हेंबर
यश! बाबा स्वतःहून म्हणाले, सेवेर, ताट दे, मी अंगणात बसून खातो, वाऱ्यात भूक लागते. डुकराच्या खोपटाशेजारच्या बाकावर बसतात. फोटोही तेच काढतात. परत येतं ते चाटूनपुसून लख्ख ताट. झाडाला पानंच पानं.
जागा मात्र त्यांच्या मनातली आहे. इग्नातच्या दिवशी, म्हणजे नाताळाआधी घरोघरी डुक्कर मारायच्या सणाला, गावातलं प्रत्येक डुक्कर बाबाच मारायचे. हात थरथरायला लागला तेव्हापासून लोक शेजारच्या गाव्रिलाला बोलावतात. बाबांचं जेवण सुटलं तेही साधारण तेव्हापासूनच. ॲपमध्ये असा रकाना नाही, त्यामुळे नोंद केली नाही.

८ डिसेंबर
झाड गच्च भरलं. सविनाला फोटो पाठवला. तिने विचारलं, मग वजन का उतरतंय? मी म्हणालो, आपल्या घराची जमीन तिरकी आहे, काटा खोटं दाखवतो.
डुकराने खोपटाचं दार फोडलं. अंगावर तकाकी आलीय. बघायला आलेल्या गाव्रिलाच्या बुटाचा लचका तोडला. गाव्रिला लंगडत विचारत होता, याला कसलं औषध देता? मी म्हणालो, नेहमीचीच बार्ली. हवा मानवली असेल.

१५ डिसेंबर
डॉक्टरांनी इग्नातनंतरची खाट राखून ठेवली. मी नको म्हणालो. झाडाचा फोटो पाठवला.
संध्याकाळी हाणामारी. बाबा म्हणाले, आमचं डुक्कर मीच मारणार. गाव्रिला म्हणाला, तोआदेर काका, तुमच्या हातात पाण्याचा ग्लास ठरत नाही. बाबा म्हणाले, ग्लासाला मारायचं नसतं, गाढवा, आणि काठी फिरवली. गाव्रिलाचा दात गेला. मी मध्ये पडलो, दोघांचंही मलाच लागलं. ठरलं: सुरी गाव्रिलाकडे, बाबा खुर्चीत.

२० डिसेंबर, इग्नात, सकाळी
डुक्कर चौघांनी पाडलं. गाव्रिलाने सुरी घातली, पण ती भलतीकडे गेली. डुक्कर मानेत सुरी घेऊन उठलं, अंगणभर धावलं, गाव्रिलाला कुंपणात फेकलं, मला शेणात. बर्फावर सगळीकडे रक्त. ते ओरडत होतं आणि मी रडत होतो.
बाबा खुर्चीतून ओरडले, कोणाला दया येतेय? जो कळवळतो त्याच्यापायी जनावर तडफडत राहतं, त्याचा जीव सुटत नाही. सेवेर, फाटकाबाहेर हो.
मी कॉलेजात शिकवतो. असल्या समजुतींवर मी व्याख्यानं दिलीत. फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो.
फटीतून पाहिलं. बाबा काठी टाकून चालत गेले, डुकराच्या मानेवर गुडघा रोवला. हात थरथरत नव्हता. सुरी एकदाच चालवली. डुक्कर शांत झालं.
मग फाटकाकडे मान करून म्हणाले, महिनाभर हा सेवेरही मला असाच कळवळून मरू देत नव्हता.

२० डिसेंबर, दुपारी
पेंढा पेटवून डुक्कर भाजलं. चरबी हाताच्या पंजाएवढी जाड. गाव्रिलाने पुन्हा विचारलं, खायला काय घालत होतात? बाबा म्हणाले, माझ्या मुलाला विचार. महिनाभर त्यानेच शिजवलंय. मसूर आवडायचे, ब्रोकोली मात्र डुकरालाही जबरदस्तीने भरवावी लागली.
डुक्कर मारणाऱ्यांचं पहिलं जेवण, रीतीप्रमाणे डुकराच्या नावाने, अंगणातच. बाबांनी तळलेलं मांस घेतलं, वर मामालिगा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा, पुन्हा मांस, आलुबुखाऱ्याची दारू. मी उपवासाची आठवण दिली. म्हणाले, पलीकडच्या अंगणात पाद्री बसलाय, त्याची चरबीने माखलेली दाढी बघून ये.
त्यांनी चौथ्यांदा वाढून घेतलं. खाट सोडतो म्हणून डॉक्टरांना कळवायला मोबाईल शोधला, तर तो बाबांच्या हातात. माझ्यापुढे भरलेलं ताट ठेवलं, फोटो काढला आणि म्हणाले, हाडं दिसतायत तुझी, खा, रिकामं केल्याशिवाय उठू देणार नाही.
डुकराचे डोळे मला आठवत होते. एक घासही उतरेना. बाबा दारू ओतायला वळले तेव्हा ताट टेबलाखाली धरलं. उर्सूने आवाज न करता साफ केलं.
बाबांनी रिकाम्या ताटाचा फोटो काढला. पान फुटलं. शाबास, म्हणाले.