बेटावरची अदलाबदल

१२ एप्रिल, रविवार दुपार

प्रिय वहिनी,

नमस्कार, आणि ढब्बूला गालभरून पापा. आम्ही सगळे ठीक. तुम्ही दोघंही ठीक असाल असं धरून चालते, कारण फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवतेस. त्यावरून माणसाची तब्येत काय कळणार, कपाळ? म्हणून शेवटी कागद घेऊन बसले.

इकडची खबर म्हणजे छोटू आता बूट स्वतः घालतो, उलटे. सरळ करून दिले की भोकाड पसरतो. दुकानात काल एका आजोबांनी तासभर चष्म्याच्या सगळ्या फ्रेमा नाकावर चढवून पाहिल्या, आरशात वळून वळून बघितलं आणि शेवटी स्वतःच्या जुन्या चष्म्याला स्क्रू बसवून घेऊन गेले. मी तोंडावर हसू ठेवून उभी. संध्याकाळी पाय नुसते बोलत होते.

आणि चिमणीने शाळेत दिवे लावले. बाईंनी वर्गात विचारलं, घरी कोण कोण असतं? आमचं रत्न उभं राहून म्हणालं, मला दोन आया आहेत, एक रोजची आणि एक सुट्टीतली. झालं! बाईंनी नवऱ्याला एकट्याला बोलावून घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? बिचारा घामाघूम झाला. सुट्टीतली आई म्हणजे पोरीची मामी, हे पटवता पटवता त्याचा अर्धा दिवस गेला. मी पोट धरधरून हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन रडलेही, ते त्याला सांगितलं नाही.

तुझीच ती करामत. पहिल्या वर्षी सुट्टीला बेटावर गेलो, बोटीतून उतरलो तेव्हा आपण चौघं मोठी माणसं चिपाडासारखी झालो होतो. ढब्बूने दादाच्या शर्टावर ओकून ठेवलेलं, चिमणी घास तोंडात धरून बसलेली, गिळेल तर शपथ. भाड्याच्या त्या घरात पंखा एक, नळाला पाणी खारट, आणि दोन्ही पोरं आपापल्या आईच्या जिवावर उठलेली. तेव्हा तू कमरेला पंचा खोचून म्हणालीस, "तुझी मला दे, माझा तू घे. ही आईला छळतात, दुसऱ्याच्या आईला नाही."

आणि काय चमत्कार! चिमणी तुझ्या हातून पालेभाजी खायला लागली. तुझा ढब्बू अंघोळीला घरभर पळवायचा म्हणे, तो माझ्यासमोर बादलीत मुकाट बसला. तेव्हापासून बेटावर पाय ठेवला की पोरं बदलायची, हा आपला कायदाच झाला. रागवायचं ते दुसरीने, भरवायचं ते दुसरीने, झोपवायचंही दुसरीने. छोटू झाल्यावर तुझ्या वाट्याला दोन आणि माझ्या वाट्याला एक असा सरळसरळ अन्याय होता, पण तू कधी कुरकुरली नाहीस. उलट मलाच म्हणायचीस, तू एकाला इतकं डोक्यावर चढवतेस की परत घेताना मला दोन पोरं घेतल्यासारखं वाटतं.

ढब्बू माझा कोपर धरून झोपायचा, अजून झोपतो का गं कुणाचा कोपर धरून? ओहोटीला आपण दोघी पार दीपगृहापर्यंत चालत जायचो, मागे ही तीन भुतं ओल्या वाळूत लोळत यायची. अंथरुणातली वाळू घरी परतल्यावरही निघायची. मी चिडचिड करत चादरी झटकायचे. आता वाटतं, थोडी राहू द्यायला हवी होती.

हे सगळं लिहीत बसले कारण खरं लिहायचं आहे त्याला हात धजत नाहीये.

गेल्या रविवारी दादा आला होता. टेबलाशी बसला, चहा पुढे ठेवला तर त्याच्याकडे बघेना. वहिनी, तो लग्न करतोय. पुढच्या महिन्यात, त्याच्या ऑफिसातल्या बाईशी. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये, मग माझा तुला राग आला तरी चालेल. मी तिला एकदा भेटले आहे. वाईट नाही ती. वाईट असती तर बरं झालं असतं, मला शिव्या तरी देता आल्या असत्या.

तो आला होता ते दुसऱ्याच कामाला. कोर्टाने ढब्बूचा सुट्टीतला आठवडा त्याला दिलाय, तो त्याला बेटावर घालवायचा होता. त्याच घरात, आमच्याबरोबर, तिला घेऊन. आणि तू आढेवेढे घेऊ नयेस म्हणून मी तुला पत्र लिहायचं. तुझं ती ऐकते, म्हणाला. मी ऐकून घेतलं, भाऊ आहे, तोही या वर्षात बराच वाळलाय. पण मग तो म्हणाला, "पोरांना अदलाबदलीची सवय आहेच. हिचीही होईल."

माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं. म्हटलं, "दादा, ती अदलाबदल होती. आठवडा संपला की ज्याचं त्याला परत मिळायचं."

तो उठला आणि गेला. चहा तसाच राहिला. तेव्हापासून त्याने फोन केलेला नाही, मीही नाही. माझा एकुलता एक भाऊ, मला काय सुख वाटतंय असं समजू नकोस.

दुसऱ्या दिवशी मी घरमालकीणबाईंना फोन लावला. त्यांच्याकडे एकच आठवडा रिकामा होता, नेमका दादाचा. मी त्या आठवड्यासाठी घर आपल्या नावावर घेऊन टाकलं आणि दादाला तसं कळवलं. तो ढब्बूला डोंगरात कुठेतरी नेणार आहे. ढब्बूला डोंगर आवडतील, बापही आवडतो त्याला, तो हक्क त्याचा आहे. त्यात मी पडणार नाही.

म्हणजे तू आलीस तर पोराशिवाय येशील. माझी दोन नेहमीसारखी तुझ्या गळ्यात, आणि मला या खेपेला कुणीच नाही. मी बापडी आठवडाभर तंगड्या पसरून झोपेन. नवरा म्हणतो, ती कशी येईल, तिला ते घर खायला उठेल. उठेलही. मलाही भीती वाटते, तिथे दादाची खुर्ची रिकामी दिसेल, आणि तू माझ्याकडे बघशील तेव्हा माझ्या नाकात तुला त्याचंच नाक दिसेल.

तरी ये. गेले सहा महिने मी तुझ्याशी बोललेले नाही आणि मला ते सोसत नाही. तुमचं मोडलं, त्यात कुणाचं किती चुकलं हे मी विचारणार नाही, तूही सांगू नकोस. कोर्टात तुम्ही दोघांनी सह्या केल्या, माझी सही कुणी मागितली नव्हती.

तुला चिमणीची मामी म्हणून बोलवत नाहीये, ढब्बूची आई म्हणूनही नाही. पोरं काय, मोठी होतील, विसरतील. मला तू हवी आहेस.

दादाची बहीण, तरीही तुझी