लाल टोकाचा रॉड

सातपाटी,
गुरुवार

प्रिय कीर्ती,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? पंधरा वर्षांत साधा फोन नाही आणि आता ही बया एकदम पत्र लिहायला बसली, असं म्हणशील. म्हण, खुशाल म्हण. तीनदा तुझा नंबर लावला आणि तिन्ही वेळा रिंग जायच्या आत तोडला. पत्रात निदान मला मध्येच थांबवायला तू समोर नसशील.

आधी इकडची खबरबात. सासूबाई ठणठणीत आहेत. ऐंशी उलटली तरी टोपली घेऊन बाजारात बसतात आणि गिऱ्हाइकाशी भांडल्याशिवाय त्यांना दुपारचं जेवण गोड लागत नाही. मी अजून त्याच कंपनीत, त्याच स्टोअरमध्ये. आता आमच्याकडे एक गन आली आहे. धातूला टेकवली की दोन-चार सेकंदांत सांगते, निकेल किती, क्रोमियम किती. पोरं ती खेळण्यासारखी फिरवतात. मी मात्र ती पहिल्यांदा बघितली आणि रॅकच्या मागे जाऊन रडले. ही मेली पंधरा वर्षं आधी का नाही आली, एवढंच मनात येत होतं.

मी बारावी पास. कामाला लागले तेव्हा मला स्टील म्हणजे भांडी एवढंच ठाऊक होतं. बाकी सगळं तू शिकवलंस, तेही डबा खाता खाता. स्टीलच्या जातींमध्ये तीनशे चार आणि तीनशे दहा या जुळ्या बहिणी आहेत जयवंती, असं म्हणायचीस. दिसायला सारख्या, चुंबक दोघींनाही चिकटत नाही. भट्टीत घातल्या की मगच कळतं कोण कोणती. साडेनऊशे अंशाला तीनशे दहा ताठ उभी, तीनशे चार मान टाकते. म्हणून टोकाला रंग द्यायचा, तीनशे दहाला लाल, तीनशे चारला पिवळा. आणि कापायचं नेहमी बिनरंगाच्या बाजूने, म्हणजे उरलेल्या तुकड्याची ओळख राहते. ज्याचं रंगाचं टोक गेलं तो बेवारस, लॅबचा रिपोर्ट आल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. मी हे मोठ्या ऐटीत सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, आमी कल्ला उघडून दाखवतो तवा गिऱ्हाईक मासा घेतं, नि तुमी नुसता रंग बघून इस्वास ठेवता? काय खरं नाय बाई तुमचं. हे ऐकून तुला हसता हसता ठसका लागला होता.

आता त्या हुकांचं. आपण दिलेल्या रॉडचे, गिऱ्हाइकाच्या भट्टीत टोपल्या टांगायचे ते हूक महिनाभरात वाकले, भरलेली टोपली खाली कोसळली, भट्टीचा तळ फुटला. देवाची कृपा, जवळ माणूस नव्हतं. तपासणीच्या कागदावर सही तुझी. तू सांगत राहिलीस की रॉडचं टोक लाल होतं, मी या डोळ्यांनी पाहिलं. साहेबांनी मला विचारलं, आणि मी खाली मान घालून म्हटलं, आठवत नाही. तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. रागावली असतीस तर बरं झालं असतं गं. तू नुसती विचारात पडलीस. स्वतःच्याच डोळ्यांवरचा तुझा विश्वास उडताना मी समोर उभी राहून बघितला. आठवड्यात तू राजीनामा दिलास, आणि मी सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन तुला निरोप द्यायला आले. काय निर्लज्ज बाई!

टोक लालच होतं, कीर्ती. तो लाल रंग मी लावला होता. कटिंगवाल्याने आधीच्या मालासाठी घाईत उलट्या बाजूने कापलं होतं, रंगाचा तुकडा त्या मालाबरोबर निघून गेला, आणि मग तो येऊन म्हणाला, मॅडम, रंगवाला सिरा कट गया. गेटवर टेम्पो उभा, लॅबला चार दिवस लागणार. रॉड लाल रॅकच्या शेजारी पडला होता, म्हणजे तीनशे दहाच असणार, असं धरून मी ब्रश बुडवला. दोन मिनिटांचं काम. हूक वाकल्याची बातमी आली आणि मला कळलं, तो तीनशे चार होता; तेव्हा त्याच रॉडचा उरलेला, लाल टोकाचा तुकडा माझ्या रॅकवर होता. तो लॅबला गेला असता तर तू सुटली असतीस. मी तो माझ्या हाताने भंगाराच्या ढिगात टाकला. रंग लावला ती चूक होती, तुकडा टाकला ते पाप. नवरा तेव्हा बोटीवर पाय मोडून घरी बसला होता, माझी नोकरी गेली असती तर चूल कशी पेटली असती, हे कारण मी स्वतःला सांगत आले. पण तेवढंच कारण असतं तर तो पुन्हा दर्यावर जायला लागल्यावर तरी माझं तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. मला तुझ्यासमोर उभं राहायची भीती वाटत होती.

आज लिहिते आहे, कारण सोमवारी तुझी समिधा आमच्याकडे मुलाखतीला आली होती. तपासणीच्याच जागेसाठी. तुझंच नाक, तुझंच बोलणं. मी कागद द्यायला आत गेले होते. पोरीने सगळी उत्तरं फटाफट दिली, आणि मग कुणी विचारलं नसताना म्हणाली, माझी आई इथेच होती, तिने रंग नीट न बघता चुकीचा माल पास केला होता, ती स्वतःच मला सांगते, म्हणून मी प्रत्येक गोष्ट दोनदा बघते, आणि हे लपवून मला नोकरी नको. साहेबांनी फाईल मिटली, कळवतो म्हणाले. कीर्ती, तू न केलेली चूक तुझ्या लेकीला शिकवलीस! आज सकाळी मी साहेबांना सगळं लिहून दिलं. त्यांनी स्टोअरच्या चाव्या काढून घेतल्या, ते योग्यच झालं. समिधाला जागा मिळेल की नाही, मला सांगता येत नाही. माफी मागायला मला तोंड नाही, आणि तू देऊही नकोस. फक्त हे पत्र वाचशील त्याच दिवशी तिला समोर बसव आणि सांग, आईने बरोबर बघितलं होतं.

अजून तुझी म्हणवून घेता येत असेल तर,
तुझीच,
जयवंती